खुलासा : ‘उचलून आणा, कोंडून ठेवा’ हा उपाय नव्हे

पंथाच्या नादी लागून घर सोडलेल्या मुलाला उचलून आणा, खोलीत कोंडून ‘समजवा’, म्हणजे तो ताळ्यावर येतो, असा संदेश फिरतो आहे. ही युक्ती जुनीच. १९७० च्या दशकात अमेरिकेत टेड पॅट्रिक आईबापांच्या सांगण्यावरून हेच करत. काही मुलं परतली, काही संधी मिळताच पुन्हा पंथात पळाली. पॅट्रिक यांना मात्र तुरुंगवास घडला. सज्ञान मुलाला कोंडणं हा गुन्हा, मग कोंडणारा बाप का असेना. शिवाय ‘घरचेच तुझे वैरी’ या पंथाच्या शिकवणीला आयता पुरावा मिळतो तो वेगळाच. (आईबापांची तगमग कळते, म्हणून तर असले संदेश पसरतात.) मूल अल्पवयीन असेल तर लगेच पोलिसांत जा. सज्ञान असेल तर गुरूला शिव्या न घालता फोन, पत्रं चालू ठेवा. उत्तर आलं नाही तरी.