ऋषींच्या नावावर पाणी बंद करू नका

सध्या नागपुरातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्यात म्हटलं आहे की सप्तर्षींनी पाच तत्त्वं शोधली आणि हाताची पाच बोटं म्हणजेच ती तत्त्वं. अंगठा अग्नी, तर्जनी वायू, मधलं बोट आकाश, अनामिका पृथ्वी, करंगळी जल. हे सगळं वेदांत लिहिलेलं आहे. उन्हाळ्यात करंगळीचं टोक अंगठ्याला टेकवून वरुण मुद्रा केली की शरीरात जलतत्त्व आपोआप तयार होतं, म्हणून सारखं पाणी पिऊ नये, जास्त पाण्यानं जठराग्नी विझतो. आणि हे नासानंही मान्य केलं आहे.

माझ्या मोठ्या आईनं, म्हणजे थोरल्या काकूनं, हे मनावर घेतलं. वय सत्तरीच्या पुढे, बीपीची गोळी सुरू, राहायला नागपूरच्या महाल भागात, वरच्या मजल्यावर पत्र्याखालच्या खोलीत. ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत, पाण्याचा गडवा पुढे केला तर म्हणते, "काऊन बाप्पा मागं लागता, मुद्रा करून रायली ना मी." त्याच संध्याकाळी उठताना तिला भोवळ आली. पलंग जवळ होता म्हणून हाड मोडलं नाही. मेसेज पाठवणारे आमचेच लोक आहेत, शिकलेले आहेत, आणि त्यांच्यापैकी एकानंही मूळ ग्रंथ उघडून पाहिलेला नाही याचा मला राग आहे.

आधी पाण्याचंच घेतो, कारण जीव तिथं जातो.

ऋषी पाण्याबद्दल काय म्हणतात ते छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात अगदी स्वच्छ लिहिलेलं आहे. उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, समजावतो आहे की मन अन्नाचं बनलेलं, प्राण पाण्याचा, वाणी तेजाची. मुलाला ते पटावं म्हणून तो त्याला प्रत्यक्ष करून पाहायला लावतो. म्हणतो, "पञ्चदशाहानि माशीः काममपः पिब." पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. कारणही तिथंच देतो: प्राण पाण्याचा आहे, पीत राहिलास तर तो तुटणार नाही. श्वेतकेतू पंधरा दिवस उपाशी राहतो. मग वडील ऋचा, यजू, सामं म्हणायला सांगतात, तर त्याला काहीच आठवत नाही. जेवल्यावर सगळं पुन्हा आठवतं.

हा उतारा पुन्हा वाचा. मुलाची स्मृती जाईपर्यंत अन्न तोडणारा बाप पाणी तोडत नाही. आणि ते उपनिषद ज्या परंपरेचं, तिचंच नाव घेऊन आपण सत्तरीतल्या बाईला ४५ अंशांत पाणी कमी प्यायला सांगतो आहोत. मेसेजमधल्या बाकीच्या साऱ्या गोष्टी खऱ्या निघाल्या असत्या तरी एवढ्या एका वाक्यासाठी तो खोडून टाकायला हवा. आमचे मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, रोजच्या संध्येत "आपो हि ष्ठा मयोभुवः" म्हणत अंगावर पाणी शिंपडतात. ऋग्वेदातल्या या सूक्तात पाण्यात सगळी औषधं आहेत असं सांगितलं आहे. त्याच घरात पाण्याला अग्नी विझवणारा शत्रू ठरवलं गेलं.

नागपूरचा मे इथल्या माणसाला समजावून सांगायला नको. २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. आपली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, आला की उडतो. त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना वाटतं, आपल्याला घाम येतच नाही. तो येत असतो, आणि तो उडतो म्हणूनच शरीर थंड राहतं. त्यासाठी लागणारं पाणी रक्तातून जातं आणि ते भरून येतं तोंडावाटे घेतलेल्या पाण्यातून, ताकातून, पन्ह्यातून, जेवणातून. बोटाचं टोक बोटाला लावून त्यात थेंबाचीही भर पडत नाही. वय झालं की तहानेची जाणीव मंदावते. बीपीच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, म्हणजे पाणी दोन्हीकडून कमी होतं. मग रक्तदाब उतरतो, भोवळ येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. अंग तापून ४० अंशांच्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला की तो उष्माघात. तेव्हा १०८ ला फोन करायचा, अंगावर पाणी टाकून वारा घालायचा. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं आहे, त्यांनी डॉक्टरांनाच विचारावं. बाकीच्यांनी तहान लागायची वाट पाहू नये.

जठराग्नीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, ते मला मान्य करावं लागतं. वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात, सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात, निरोगी माणसानंही पाणी बेतानं प्यावं असं खरंच म्हटलं आहे. पण ओळ सुरू कशी होते ते पाहा: "ऋते शरन्निदाघाभ्याम्". शरद ऋतू आणि उन्हाळा सोडून. ज्या ऋतूला वाग्भटानं मुद्दाम वगळलं, नेमक्या त्याच ऋतूत हा मेसेज आपल्याला पाणी कमी करायला लावतो. कुणीतरी अर्धी ओळ वाचली, किंवा पूर्ण वाचून अर्धी लपवली. दोन्ही अक्षम्य आहे.

आता बोटं. पाच बोटांची पाच तत्त्वांशी लावलेली ही जोडी वेदांत नाही. तैत्तिरीय उपनिषदात पाच भूतांचा क्रम आहे: आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, मग अग्नी, मग पाणी, मग पृथ्वी. पुढे पृथ्वीपासून वनस्पती, वनस्पतींपासून अन्न, अन्नापासून माणूस. त्यात करंगळी नाही, अंगठा नाही. आणि उद्दालक तर वर सांगितल्याप्रमाणे तेज, पाणी आणि अन्न या तिघांवरच सगळी मांडणी करतो. सगळ्या ऋषींचं एकच ठरलेलं कोष्टक होतं असं समजणं हा त्यांच्या विचारावर अन्याय आहे. ते एकमेकांशी वाद घालणारे लोक होते.

हठयोगाचे ग्रंथ पाहिले तर हठप्रदीपिकेत दहा मुद्रा आहेत: महामुद्रा, खेचरी, उड्डियान, जालंधर वगैरे. त्या सगळ्या शरीरानं आणि श्वासानं करायच्या. घेरंडसंहितेत पंचवीस मुद्रा आहेत आणि त्यांत पार्थिवी, आम्भसी, आग्नेयी, वायवी, आकाशी अशा पाच धारणा, म्हणजे एकेका भूतावर चित्त एकाग्र करणं, येतात. म्हणजे मुद्रा आणि पंचभूतं यांचा संबंध ग्रंथात आहे, हे मी नाकारत नाही. पण ती धारणा पाच घटिका करायची, म्हणजे दोन तास, प्राण आणि चित्त एका ठिकाणी स्थिर ठेवून. टीव्हीसमोर बसून करंगळी दाबण्याशी तिचा काही संबंध नाही. शिवाय ती पाण्याऐवजी करायची असं घेरंडही सांगत नाही. मुद्रा करून कुणाचं मन शांत होत असेल तर खुशाल करावी. गडवा शेजारी ठेवून करावी.

सप्तर्षींनी ही तत्त्वं शोधली हे कुठून आलं देव जाणे. बृहदारण्यक उपनिषदात गौतम, भरद्वाज, विश्वामित्र, जमदग्नी, वसिष्ठ, कश्यप, अत्रि ही सात नावं येतात, पण ती कान, डोळे, नाकपुड्या आणि वाणी यांच्याशी जोडलेली आहेत. नासाबद्दल बोलण्यासारखं काही नाही. मेसेजमध्ये ना अहवालाचं नाव आहे, ना वर्ष.

एक गोष्ट मात्र आपल्या भागातल्या लोकांनी वाचायलाच हवी. प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषींकडे सहा जण शंका घेऊन जातात. त्यांतला एक भार्गव वैदर्भी, म्हणजे आपल्या विदर्भाचा. त्याचा प्रश्न असा की हा देह किती देव, म्हणजे शक्ती, धरून ठेवतात, आणि त्यांत श्रेष्ठ कोण? उत्तरात आकाश, वायू, अग्नी, पाणी, पृथ्वी येतात, वाणी, मन, डोळे, कान येतात आणि शेवटी श्रेष्ठ ठरतो तो प्राण. पण त्याआधी पिप्पलाद या सहाही जणांना सांगतात, वर्षभर इथं राहा, मग विचारा, आणि "यदि विज्ञास्यामः", आम्हाला ठाऊक असेल तर सगळं सांगू. ठाऊक असेल तर! विदर्भातून गेलेला तो माणूस एका उत्तरासाठी वर्षभर थांबला. आपण दहा सेकंदांत पुढे पाठवतो, आणि तेही एखाद्याच्या जिवाशी संबंधित असलेलं.

रामटेकला कालिदासांच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ आहे, तासाभराच्या अंतरावर. छांदोग्याचे मराठी अनुवादही मिळतात. सहावा अध्याय, सातवा खंड, पहिला मंत्र. ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यांनी त्याच ग्रुपवर, त्याच लोकांसाठी तो मंत्र अर्थासह टाकावा, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना फोन करून विचारावं की आज पाणी किती प्यायलात.