अमेरिकेतला घटस्फोट ‘पाच मिनिटांत’ तपासता येत नाही

पुनर्विवाहाच्या स्थळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरत असतो. सारांश असा: अमेरिकेत कोर्टाचं सगळं रेकॉर्ड ऑनलाइन नि खुलं असतं. मुलाचं नाव टाका, वीस-पंचवीस डॉलर भरा, पाच मिनिटांत घटस्फोटाची प्रत हातात. नाव सापडलं नाही तर घटस्फोट झालेलाच नाही. सापडलं तर प्रश्न मिटला, अमेरिकी कोर्टाचा कागद भारतात चालतोच. मुलाला विचारून उगाच वाईटपणा घेऊ नका.

हेतू चांगला आहे, मुलीच्या आईवडिलांची काळजीही खरी आहे. पण मजकूर जवळजवळ प्रत्येक ओळीत चुकतो. मुलगा मोठ्या शहराऐवजी टेक्सासच्या एखाद्या आडवळणाच्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, राहिलेला असेल तर आणखीच. आणि आपली मुलं तिथे असतात. जे-१ या प्रशिक्षणासाठीच्या व्हिसावर रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रशिक्षण, केलेल्या डॉक्टरांपैकी कितीतरी जण मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळावी म्हणून डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करतात. मोडलेल्या संसाराचे कागद मग त्याच गावच्या कोर्टात राहतात.

“सगळं एकाच ठिकाणी असतं.” नसतं. घटस्फोट हा तिथे राज्यांचा विषय आहे. केंद्रीय न्यायालयांची पेसर नावाची ऑनलाइन सोय आहे, तिच्यात घटस्फोटाचे खटले नसतात. खटला ज्या काउंटीत चालला तिथल्याच कचेरीत त्याची फाइल राहते, आणि त्या कचेरीचं नावही राज्यागणिक बदलतं. टेक्सासात डिस्ट्रिक्ट क्लर्क, फ्लोरिडात सर्किट कोर्टाचा क्लर्क, पेनसिल्व्हेनियात प्रोथोनोटरी. न्यूयॉर्कमध्ये तर खटला चालवणाऱ्या खालच्या कोर्टालाच ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणतात, त्यामुळे इथले काका लोक दचकतात. एकट्या टेक्सासात २५४ काउंट्या आहेत. त्यांतल्या लव्हिंग काउंटीची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ६४ होती; आपल्याकडच्या एखाद्या चाळीत याहून जास्त माणसं राहतात. अशा छोट्या काउंट्यांत जमिनीची खरेदीखतं, विवाह परवाने आणि घटस्फोटाचे निकाल एकच क्लर्क सांभाळतो. शोध सुरू करायचा तो काउंटीपासून. नाव त्यानंतर.

“पैसे भरा, प्रत मिळेल.” पैसे घेणाऱ्या त्या खासगी साइट्स कोर्टाच्या नाहीत. इकडून तिकडून गोळा केलेल्या सूच्या त्या विकतात. नाव, वर्ष आणि फार तर काउंटी, एवढंच हाती लागतं. सही-शिक्क्याची प्रत त्यांच्याकडे नसते, कारण ती देण्याचा अधिकार क्लर्कचा आहे.

मोठ्या काउंट्यांचे पोर्टल चांगले असतात. ग्रामीण काउंटीत अनेकदा फक्त अलीकडच्या वर्षांची सूची ऑनलाइन असते, कधी तीही नसते. तिथे उपाय जुनाच: फोन करा. खेड्यातल्या कचेरीचा एक फायदा असा, की बहुधा माणूसच फोन उचलतो. त्यांना कायदेशीर सल्ला विचारू नका, ते देत नाहीत आणि विचारलेलं आवडतही नाही. नवरा-बायको दोघांची पूर्ण नावं आणि अंदाजे वर्ष सांगा. ‘फायनल डिक्री ऑफ डिव्होर्स’ची, म्हणजे घटस्फोटाच्या अंतिम हुकूमनाम्याची, सर्टिफाइड कॉपी हवी, असं म्हणा. शुल्क किती, शोधाचे वेगळे पैसे पडतात का, मनीऑर्डर चालते की कार्ड, हे विचारून घ्या. मग लेखी अर्ज आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. जुन्या प्रकरणाची फाइल सापडत नाही असं उत्तर आलं, तरी लगेच फोन ठेवू नका. टेक्सासात कोर्टाचे हुकूम ‘मिनिट्स’ नावाच्या जाडजूड वह्यांत उतरवून ठेवत. फाइल गहाळ झालेली असली तरी डिक्री त्या वहीत मिळू शकते. “मिनिट्समध्ये बघाल का?” एवढा एक प्रश्न पुष्कळदा काम करतो.

“राज्याच्या आरोग्य खात्याकडूनही मिळते.” संदेशाच्या काही आवृत्त्यांत ही जोड दिसते. टेक्सासचं आरोग्य खातं १९६८ पासूनच्या घटस्फोटांसाठी फक्त पडताळणीचं पत्र देतं. अशी नोंद आमच्याकडे आहे, इतकंच ते पत्र सांगतं. मुलांचा ताबा, पोटगी, मालमत्ता, नाव बदलल्याचा हुकूम, यातलं काही त्यात नसतं, आणि डिक्रीच्या जागी ते चालत नाही. कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे तर १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळाच्या नोंदी आहेत. पण कोणत्या काउंटीत खटला झाला हे कळण्यासाठी या पत्राचा उपयोग आहे, तेव्हा अगदी टाकाऊही म्हणता येणार नाही.

“नाव सापडलं नाही म्हणजे घटस्फोट नाही.” सगळ्यात घातक वाक्य हेच. आपली नावं अमेरिकी रकान्यांत नीट बसत नाहीत. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असताना पासपोर्टवर काही वेगळंच पडलं, की सूचीत ‘सुहास मधुकर’ हा माणूस ‘मधुकर’ या आडनावाखाली जातो. बायकांचं आणखी अवघड: मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, आडनाव माहेरचं की सासरचं, हे खटला कोणी कोणत्या नावाने भरला त्यावर. ‘वैद्य’ इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात. म्हणून दोघांचीही नावं, सगळ्या स्पेलिंगांनी, शोधावी लागतात. टेक्सासात प्रकरणाचं शीर्षकच ‘अमुक आणि तमुक यांच्या विवाहाच्या बाबतीत’ असं असतं, त्यामुळे जोडीदाराच्या नावावरूनही ते सापडतं.

काउंटी चुकली तर मात्र सगळंच चुकलं. लग्न कुठे लागलं याला इथे महत्त्व नाही. टेक्सासचा नियम असा, की दोघांपैकी एक जण राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत ९० दिवस राहिलेला हवा. नवरा ह्यूस्टनला आणि बायको नोकरीसाठी चार तास लांबच्या गावी असेल, तर खटला तिच्या गावीही भरलेला असू शकतो.

“सापडलं, म्हणजे झालं.” सूचीत दिसतो तो बऱ्याचदा दाखल झालेला खटला. अर्ज करून पुढे समेट झाला, अर्ज मागे घेतला, किंवा कोणी फिरकलंच नाही म्हणून कोर्टाने काढून टाकला, असं सर्रास होतं. न्यायाधीशाची सही असलेली अंतिम डिक्री नसेल तर ते दोघे अजून नवरा-बायकोच आहेत. डिक्रीची तारीखही बघावी. टेक्सासात तिसऱ्या व्यक्तीशी लग्न करायला साधारणपणे त्यानंतर ३० दिवस थांबावं लागतं.

“रेकॉर्ड सगळ्यांना खुलं असतं.” पुष्कळ राज्यांत, हो. न्यूयॉर्कमध्ये नाही. तिथे घटस्फोटाची फाइल पक्षकार आणि त्यांचे वकील यांच्याखेरीज कोणाला दाखवत नाहीत. विषय संपला.

“अमेरिकी कोर्टाचा कागद आहे, भारतात चालणारच.” इथे १९९१ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवावा: नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी. लग्न तिरुपतीला झालेलं. नवऱ्याने मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस काउंटीच्या कोर्टातून घटस्फोट मिळवला. न्यायालयाने तो मानला नाही. ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यात ते कारण बसलं पाहिजे आणि त्या कोर्टाला तसा अधिकार पाहिजे, असं तत्त्व घातलं. दुसऱ्या पक्षाची संमती असेल, किंवा तो स्वतःहून त्या कोर्टासमोर गेला असेल, तर गोष्ट वेगळी. टेक्सासात नुसतं ‘आता पटत नाही’ एवढ्यावर घटस्फोट मिळतो. हिंदू विवाह कायद्यात एकतर्फी घटस्फोटाला ते कारण नाही. तेव्हा डिक्री वाचताना समोरचा पक्ष हजर होता का, त्याची सही आहे का, हे आधी बघा.

त्याच निकालात कागदाबद्दलही एक बारीक मुद्दा आहे. डेप्युटी क्लर्कने प्रमाणित केलेली प्रत न्यायालयापुढे होती. फोटोकॉपी म्हणून ती बाद ठरत नाही, पण भारत सरकारच्या अमेरिकेतल्या प्रतिनिधीचं प्रमाणन नसल्याने ती पुराव्यात येत नाही, असं न्यायालय म्हणालं. परदेशी कागदावरची सही आणि शिक्का खरा असल्याचा एकच दाखला (अपोस्टिल) करारातल्या देशांनी मानायचा, असा अपोस्टिल करार भारतात २००५ पासून लागू आहे. टेक्सासात सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयातून क्लर्कच्या प्रतीवर अपोस्टिल मिळतं. ते सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतं. निकाल भारतात टिकेल की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही; त्यासाठी वकीलच गाठावा.

“मुलाला विचारू नका.” का विचारू नये? घटस्फोट झालेल्या माणसाकडे डिक्री असतेच, दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीला ती लागतेच. त्याच्याकडे काउंटीचं नाव, साल आणि प्रकरणाचा क्रमांक, म्हणजे तिथला ‘कॉज नंबर’, मागा. त्याने पाठवलेल्या पीडीएफवर न थांबता, तो क्रमांक देऊन क्लर्ककडून आपली प्रत परस्पर मागवा. क्रमांक हाताशी असला की सूच्या, स्पेलिंगं, शोधाचं शुल्क, कशाचीच गरज उरत नाही. आणि क्रमांक द्यायला तो महिनाभर टाळाटाळ करत असेल, तर प्रत यायची वाट न बघता पुढचं स्थळ बघायला हरकत नाही.