अण्णा आणि माझे अडकलेले १७५ डॉलर

शनिवारी मी गाडीत २८ डॉलर १६ सेंटचा गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, भरला आणि बँकेने माझे १७५ डॉलर अडकवून ठेवले. हे कळलं कुठे, तर इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर. बिल ४४.६३, मागे सात माणसांची रांग आणि शेजारी सासरे. कार्ड डिक्लाइन. पुन्हा टॅप केलं, पुन्हा डिक्लाइन. तिसऱ्यांदा करणार एवढ्यात अण्णांनी बनियनच्या चोरखिशातून ५० ची नोट काढली, दोन नोटा चिकटल्या नाहीत ना ते चोळून बघितलं आणि काउंटरवर ठेवली. मग खिशातली डायरी काढून तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, 'जावई - येणे - ४४.६३'.

झालं असं की क्रेडिट कार्ड घरी राहिलं म्हणून पंपावर डेबिट घातलं, आणि खात्यात पगाराआधीचे २१२ होते. तुम्ही किती भरणार ते पंपाला आधी माहीत नसतं, म्हणून तो बँकेकडे अंदाजे रक्कम राखून ठेवायला सांगतो, काही पंप एकच डॉलर मागतात, काही थेट १७५. पूर्वी १२५ ची मर्यादा होती, २०२२ मध्ये गॅस महागला तशी ती वाढवली. क्रेडिट कार्डावर हे झालं तर नुसतं लिमिट घटतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. डेबिटवर मात्र आपलेच पैसे आपल्याला दिसतात आणि हात लावता येत नाही.

अण्णा सहकारी बँकेत ३४ वर्षं होते. "जावईबापू, खात्यातले पैसे असे अडकवण्याला लिअन म्हणतात. लिअन लावायचा तर खातेदाराला कळवावं लागतं. चला परत."

कशाला, काय फायदा, असं म्हणेपर्यंत ते गाडीत बसले पण होते.

गॅस स्टेशनच्या दुकानातला पोरगा एका कानात इयरफोन घालून स्लशीचं मशीन पुसत होता. अण्णांनी त्याला इंग्लिशमध्ये विचारलं, कुणाच्या सहीने हा लिअन मार्क केलात? पोरगा म्हणाला, सर, पंप नंबर किती? अण्णा म्हणाले पंपाचा नंबर नको, ऑफिसरचा नंबर सांग. तो म्हणाला इथे मी एकटाच आहे. "म्हणजे मेकर पण तूच आणि चेकर पण तूच?" बँकेत नोंद करणारा मेकर आणि ती तपासणारा चेकर वेगळे लागतात, त्यामुळे अण्णा हादरलेच, आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "ऑडिटला हे उडेल." शेवटी पोराने सांगितलं की आम्ही खरी रक्कम पाठवून दिली, सोडायचं काम बँकेचं. मी तिथूनच बँकेला फोन लावला, तिथल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, पैसे तुमचेच आहेत, फक्त उपलब्ध नाहीत, आणि सोडायचं काम गॅस स्टेशनचं.

बाहेर आलो तर अण्णा पंपासमोर वाकून चष्मा वरखाली करत काहीतरी वाचत होते. स्क्रीनच्या खाली, उन्हाने उडालेला, बोटभर स्टिकर.

"अहो, इथे लिहिलंय की. १७५ पर्यंत होल्ड लागू शकतो. आत जाऊन आधी पैसे भरले तर लागत नाही. तुम्ही वाचलं नाहीत?"

झालं. पार्टी बदलली. घरी जाईपर्यंत सही करण्यापूर्वी कागद वाचण्याचं महत्त्व.

मला राग होल्डचा नाही हो, म्हणजे आहेच, पण त्याहून राग या उद्धटपणाचा की त्याच पंपावर भाव लिहिलाय ३.१९ आणि वर चिमुकले ९/१०. सेंटच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत माझ्याकडून चोख हिशोब घेणार, आणि माझे १४६ डॉलर ८४ सेंट मात्र असेच, अंदाजे, राहू देत तिकडे. ज्याच्या खात्यात पाच हजार आहेत त्याला हे कधी कळणारच नाही. ज्याच्या खात्यात दोनशे आहेत त्याचीच कोथिंबीर काउंटरवर राहते. बरं पिन टाकून डेबिट केलं असतं तर लवकर सुटले असते असं ऑफिसातला एकजण म्हणाला, सोमवारी, म्हणजे उपयोग संपल्यावर.

मंगळवारी होल्ड गेला. मी रोख ४५ डॉलर अण्णांच्या हातात ठेवले. वाटलं होतं 'राहू द्या हो' म्हणतील. त्यांनी मोजून घेतले, डायरीतल्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि ३७ सेंट परत दिले.