कितले कापले गो?

चवथीला यंदा गोव्यात डिचोलीला घरी होते, सहा वर्षांत दुसऱ्यांदाच. दुपारची जेवणं होऊन सगळे माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती चौकट) आडवे झालेले तेव्हा भाचीने ऑफर लेटर काढलं. पुढच्या महिन्यात ती इंग्लंडला चाललीय, नर्स म्हणून, पगार महिन्याला अडीच हजार पौंडाच्या वर. भावोजींनी लगेच मोबाईलवर रुपयांत करून बघितलं, जवळजवळ तीन लाख, आणि सगळ्यांना वाचून दाखवलं, दोनदा. मी म्हटलं, हातात दोन हजार पौंड येतील असं धरून चला. भावोजी उठून बसले, "म्हळ्यार फटयतात न्हय गो ते?"

फसवत नाहीत. पण भावोजींना हसायचा मला काही हक्क नाही कारण २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पहिली पेस्लिप हातात आली तेव्हा मी इंग्लंडमधल्या स्विंडनच्या एका वेअरहाऊसच्या पार्किंगमध्ये उभी राहून अक्षरशः हेच म्हणाले होते. आणि मी काही अडाणी नव्हते हो, इथे एका पतसंस्थेत अकरा वर्षं अकाउंट्सला काढली, दुसऱ्यांचे फॉर्म १६ माझ्या हाताखालून गेले. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी परत बंद पडल्या, नवऱ्याचा खनिजाचा ट्रक दारात उभा राहिला, सासऱ्यांचा जन्म १९६१ च्या आधीचा, गोवा पोर्तुगालकडे असतानाचा, म्हणून त्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला (त्यावर तेव्हा इंग्लंडला राहून काम करता यायचं) आणि त्याच्या मागून मी फॅमिली परमिटवर गेले. या पासपोर्टच्या कामात घरात सगळ्यांना सगळं माहीत, जन्मदाखला कुठून काढायचा, लिस्बनला कागद कसे जातात, कुठला एजंट किती घेतो. पण तिथे पगार मिळाल्यावर त्या कागदावर काय लिहिलेलं असतं हे मला एका माणसाने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही, मला वाटलं टीडीएस तो टीडीएस, त्यात काय.

तर तेव्हा तिथे किमान मजुरी तासाला ८.२१ पौंड, आठवड्याचे ४० तास, म्हणजे ३२८.४०. पगार दर शुक्रवारी. त्यातून टॅक्स ६५, एनआय १९, हातात २४३. एनआय म्हणजे नॅशनल इन्शुरन्स, नाव इन्शुरन्सचं पण कापतात टॅक्ससारखंच. संध्याकाळी फोनवर आईचा पहिला प्रश्न, "कितले कापले गो?" मी पाच पौंड कमी सांगितले, का कोण जाणे, लाज वाटली असेल.

दहा आठवडे असंच चाललं. मग एक दिवस कँटीनमध्ये मडगावची एक बाई माझ्या बाजूला बसली होती, तिथे दहा-बारा वर्षं काढलेली, तिने सहज माझी स्लिप बघितली आणि म्हणाली, "तुका बीआर कित्याक गो?"

स्लिपच्या वरच्या कोपऱ्यात टॅक्स कोड म्हणून एक छोटा रकाना असतो, मी आजपर्यंत तो एम्प्लॉयी नंबर वगैरे असेल समजत होते. तो सगळ्यात महत्त्वाचा. तेव्हा साधा कोड होता १२५०एल, म्हणजे वर्षाला १२,५०० पौंडापर्यंत टॅक्स नाही. आता १२५७एल, म्हणजे १२,५७०. शेवटी एक शून्य लावायचं की झालं. माझ्या स्लिपवर होतं बीआर, म्हणजे बेसिक रेट, म्हणजे सूट शून्य, पहिल्या पौंडापासून सरळ २० टक्के. हा कोड सहसा दुसऱ्या नोकरीला लावतात, कारण सूट पहिल्या नोकरीत वापरली असं धरतात.

आणि मला तो का लागला? माझ्या प्रामाणिकपणामुळे! कामाला लागताना एक फॉर्म देतात, स्टार्टर चेकलिस्ट. त्यात होतं की तुमची दुसरी नोकरी आहे का. मी पतसंस्थेतून विनापगारी रजेवर गेले होते, राजीनामा दिला नव्हता, म्हटलं खोटं कशाला लिहा, टिक केली. त्यांना विचारायचं होतं पगार देणारी दुसरी नोकरी, माझ्या डोळ्यासमोर आली डिचोलीतली माझी खुर्ची. कामाला लावणाऱ्या एजन्सीच्या पोराने फॉर्म घेतला, बघितलंही नाही, ढिगात टाकला.

आता ऐका, मजा पुढे आहे. तिथलं टॅक्सचं वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं. (आपलं १ एप्रिल, त्यांचं ६ एप्रिल, कारण १७५२ मध्ये त्यांनी कॅलेंडर बदलताना अकरा दिवस उडवले आणि टॅक्सवाल्यांनी मात्र आपले दिवस सोडले नाहीत, तारीख पुढे ढकलली.) मी पोचले ऑक्टोबरमध्ये, म्हणजे अर्धं वर्ष माझी कमाईच नाही, पण सूट पूर्ण १२,५०० चीच. ऑक्टोबर ते एप्रिल माझी सगळी कमाई धरली तर आठ हजारही होत नव्हती. म्हणजे त्या वर्षी मला एक पैसा टॅक्स लागत नव्हता! साधा कोड असता तर हिशोब एप्रिलपासून एकत्र धरतात, न वापरलेली सूट मागून येते. हे कळलं तेव्हा मी त्या बाईचा हात धरला होता असं ती अजून सांगते.

टॅक्सवाल्यांना, म्हणजे एचएमआरसीला, फोन लावला, पाऊण तास बाजा ऐकला, मग जी बाई बोलली ती इतकी गोड की मला संशय आला. एनआय नंबर विचारला, दुसरी नोकरी आहे का विचारलं, मी नाही म्हटलं (या वेळी शहाणी झाले होते), संपलं. कोड बदलून कंपनीकडे गेला आणि पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी टॅक्सच्या रकान्यात वजा चिन्ह. साडेसहाशे पौंडाच्या वर परत. वकील नाही, एजंट नाही, अर्ज नाही. आमच्या ओळखीतल्या एकाने याच कामाचे एका कन्सल्टंटला रिफंडच्या तीस टक्के दिले होते, ते ऐकून मला माझ्या पाऊण तासाच्या बाजाचं काही वाटलं नाही. एनआयचे १९ मात्र गेले ते गेलेच, ते दर आठवड्याचं त्या आठवड्यापुरतं बघतात, वर्षाचं एकत्र धरत नाहीत.

भाचीला मी पाटावर बसवून हिशोब मांडून दिला, सोपं पडावं म्हणून अडीच हजार धरून. महिन्याची सूट साधारण १,०४८. उरले १,४५२. त्यावर २० टक्के टॅक्स, म्हणजे २९०. त्याच १,४५२ वर एनआय ८ टक्के, ११६. (माझ्या वेळी १२ टक्के होतं, २०२४ मध्ये दोनदा कमी केलं, आम्ही भरून भरून झाल्यावर.) पेन्शनचे ९९. हातात साधारण १,९९५. आणि हाच पगार बीआर कोडवर आला तर टॅक्स ५००, म्हणजे एका टिकमार्कचे महिन्याला २१० पौंड, वीस हजार रुपयांच्या वर. कौन्सिल टॅक्स यात नाही, तो वेगळा घरावर येतो, त्याचं बिल आलं की परत फोन करशील मला.

पेन्शनवरून माझं आणि आपल्या लोकांचं तिथे कायम वाजतं. पगाराच्या एका ठरावीक भागावर तुमचे ५ टक्के आणि कंपनीचे ३ टक्के, आपल्या पीएफसारखंच. नको असेल तर नाव घातल्यापासून एका महिन्यात बाहेर पडता येतं, कापलेलं परत मिळतं. तर आपली निम्मी पोरं पहिलं काम हे करतात, म्हातारपणी इथे कोण मरायला राहणार म्हणून. बरं, नका राहू! पण कंपनीचे ते ३ टक्के तुमच्या पगाराचेच आहेत ना, बाहेर पडलात की ते कंपनीने ठेवून घेतले. खात्यातले पैसे तुम्ही डिचोलीला या नाहीतर काणकोणला, तुमचेच राहतात, फक्त वय होईपर्यंत हात लावता येत नाही. जो पोरगा गोव्यात पीएफ काढायला दिला नाही म्हणून मॅनेजरशी भांडला असता तोच तिथे फुकटचे तीन टक्के सोडतो, आणि वर मला सांगतो की मावशी, तुका कळना.

हां, एनआयवरून मिळणाऱ्या सरकारी पेन्शनचं वेगळं आहे. त्याला कमीत कमी दहा वर्षं भरावी लागतात, पूर्ण मिळायला पस्तीस. आणि भारतात येऊन राहिलात तर पेन्शन मिळते पण ती वाढत नाही, सुरू झाली त्या आकड्यावर गोठते. हे मला अजिबात पटत नाही, भरताना आम्ही कुठे म्हटलं की आमचं गोठवा.

आता कॅश इन हॅंडवाले. याबद्दल लिहू की नको विचार करत होते, घरातलेच काही वाचतील. आपल्या बाजूचा एक मुलगा माझ्याच वर्षी आला, एका किचनमध्ये लागला, रोख पैसे, स्लिप नाही, कापणं नाही. माझ्या २४३ समोर त्याचे ३००, दर आठवड्याला मला ऐकवायचा. पुढे ब्रेक्झिट झालं, आम्हा सगळ्यांना प्री-सेटल्ड, म्हणजे तिथे राहायची तात्पुरती परवानगी मिळाली, आणि पाच वर्षं झाल्यावर सेटल्ड, म्हणजे कायमची करायची वेळ आली. मी फॉर्ममध्ये एनआय नंबर टाकला, त्यांनी टॅक्सचा रेकॉर्ड बघितला, मी पाच वर्षं तिथेच होते हे त्यांना दिसलं, माझ्याकडे एक कागद मागितला नाही. त्याच्याकडे? तो होता की नव्हता हे सांगायला कोणीच नाही. बँकेची स्टेटमेंट, डॉक्टरची पत्रं, घरमालकाच्या मागे लागून लिहून घेतलेली चिठ्ठी, आणि तरी मधले सात-आठ महिने रिकामे. त्या काळात तो रोज माझ्या दारावरून कामाला जायचा, मी बघितलंय, पण माझ्या बघण्याला होम ऑफिसात, म्हणजे तिथल्या गृहखात्यात, काय किंमत. ज्या कापण्याला मी पार्किंगमध्ये शिव्या दिल्या ते कापणं माझ्या बाजूने साक्षीला उभं राहिलं.

आणखी एक, आपल्याकडचा टॅक्स माहीत असलेल्या लोकांसाठी. गोव्यात नवरा-बायकोचं उत्पन्न इन्कम टॅक्समध्ये अर्धं-अर्धं धरतात, आपल्या पोर्तुगीज कायद्यामुळे, पण पगार त्यात येत नाही, तो ज्याचा त्याचा. तिथे असं काही नाही. पण एकाची कमाई टॅक्स न लागणाऱ्या रकमेच्या आत असेल तर तो आपल्या त्या रकमेतले १,२६० पौंड दुसऱ्याच्या नावावर करू शकतो, वर्षाला २५२ पर्यंत वाचतात, मागच्या चार वर्षांचंही मागता येतं. नवरा पहिलं पूर्ण टॅक्सचं वर्ष जवळजवळ घरीच होता. आम्हाला हे कळलं तिसऱ्या वर्षी, तेही एका गुजराती दुकानदाराकडून, मिरच्या घेताना. मागचं सगळं मिळालं, त्यातून माझं विमानाचं तिकीट निघालं.

भाचीने सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहिलं, मग विचारलं, "मावशी, पण इथल्या हॉस्पिटलात मी नोटीस पिरियडवर आहे, शेवटचा पगार ऑक्टोबरमध्ये पडेल, मग ती दुसरी नोकरी होते काय?" मी हातातली नेवरी खाली ठेवली. नाही म्हटलं, बाय, नाही, आणि तिथे कोणी विचारलं तर तोंडाने पण सांगू नकोस.

चेकलिस्टची प्रिंट काढून दिलीय तिला, त्या प्रश्नाखाली लाल पेनाने दोन रेघा. भावोजी अजून २९० अधिक ११६ अधिक ९९ करून बघतायत.