बघणारा वेगळा, सोबत जेवणारा वेगळा: एका पेठकरी वाचकाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही नाव लिहिलं नाहीत, खाली फक्त 'एक पेठकरी' एवढंच आहे, तेव्हा मीही तेच म्हणते. गेल्या आठवड्यात मी लिहिलं होतं की कुणाची नजर ताटावर असली की माणूस हात आखडता घेतो. त्यावर तुम्ही लिहिलंत: "बाई, हे सगळं परदेशातल्या कॉलेजच्या पोरांवर केलेलं संशोधन. आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत दहा जण जेवायला बसले की एकेकजण दोघांचं हाणतो, आणि सगळे एकमेकांकडं बघतच असतात. त्यात अमेरिकेतला तो ताट-वाटीवाला प्राध्यापक खोटा निघालाय. एकदा आमच्यात जेवायला या, बघू तुम्ही किती कमी खाताय!"

आधी तुमच्या बाजूनं बोलते, कारण तुमचं बरंचसं खरं आहे. जॉन डी कॅस्ट्रो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं लोकांना रोजनिशी दिली: काय खाल्लं, किती, सोबत कोण होतं, सगळं लिहा. १९८९ साली त्यानं जो हिशेब छापला त्यात सोबतीनं केलेलं जेवण एकट्यानं केलेल्या जेवणापेक्षा ४४ टक्क्यांनी मोठं निघालं. म्हणजे तुमची पेठ आणि तिकडची माणसं यांत फार फरक नाही. कारणही साधं. चौघं असले की जेवण लांबतं, गप्पा लांबतात, आणि पाट सोडून पहिला कोण उठणार म्हणून सगळे अजून एक भाकरी मोडत बसतात. पुढं २०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी असे बरेच अभ्यास एकत्र तपासले तेव्हा एक गोष्ट नीट दिसली. मित्र, घरचे, ओळखीचे सोबत असले तर खाणं वाढतं. अनोळखी माणूस शेजारी बसला तर तसं वाढत नाही.

हा फरक मी मागच्या लेखात सांगितलाच नव्हता. 'सोबत' आणि 'नजर' दोन्ही एकाच पिशवीत कोंबले. चूक माझी.

पण तुमचं एक वाक्य मला पटत नाही: 'सगळे एकमेकांकडं बघतच असतात.' नाही हो. तांबडा-पांढरा रस्सा ताटात आल्यावर कोण कुणाकडं बघतंय? माना खाली, वाटी तोंडाला, भुरक्यांचा आवाज. अशा वेळी अकरावा माणूस येऊ दे आणि म्हणू दे, "चालू द्या, मी जेवून आलोय," आणि हनुवटीला हात लावून समोर बसू दे. मिनिटाभरात कुणीतरी म्हणणारच, "अहो, निदान पांढरा तरी घ्या वाटीभर." आपण त्याला पाहुणचार म्हणतो. मला वाटतं त्यात अर्धी सुटका असते. न जेवणाऱ्याची नजर जेवणाऱ्याला सोसत नाही. त्याच्या हातात वाटी आली की तो बघणारा उरत नाही, आपल्यातला होतो.

आमची आजी म्हणायची, खाणाऱ्याकडं टक लावून बघू नये, त्याच्या पोटात दुखतं. दृष्टबिष्ट मी मानत नाही. पण तिनं जे बघितलं होतं ते टोरांटोच्या हर्मन, पॉलिव्ही, प्लायनर वगैरे मानसशास्त्रज्ञ मंडळींनी २००१ साली मोजलं. त्यांनी खाणाऱ्यांना आधी भासवलं की तुमच्या आधीच्यांनी भरपूर खाल्लंय, किंवा अगदी थोडंच खाल्लंय. एकटं सोडलं तेव्हा लोक त्याप्रमाणे कमी-जास्त खात होते. समोर निरीक्षक बसला की मात्र आधीच्यांनी कितीही खाल्लेलं असो, हात आवरलेलाच. खादाड दिसायची भीती बाकी सगळ्यावर मात करून गेली.

हे मला कुणा संशोधकानं सांगायच्या आधी माझ्या मावशीनं दाखवलं होतं. तिची राजारामपुरीत खानावळ होती, महिन्याच्या हिशेबावर जेवणारी कॉलेजची पोरं. जूनमध्ये कुठनं कुठनं नवी पोरं यायची. पहिले आठ-दहा दिवस दोन भाकऱ्यांवर 'बास, मावशी' म्हणून उठायची, आणि रात्री खोलीवर बिस्किटं खायची. मावशी कधी आग्रह करायची नाही. तिनं काय केलं, तर भाकऱ्यांची बुट्टी पोरांच्या हाताला लागेल अशी मधोमध ठेवली आणि स्वतः चुलीकडं तोंड करून थापायला बसली. म्हणायची, "मी बघितलं की पोरगं लाजतंय. पाठ केली की जेवतंय." आमटीचं पातेलंही तिथंच, डाव घालून. महिना संपेस्तोवर तीच पोरं पाच-पाच भाकऱ्या मोडून शेजारच्याच्या ताटातली चटणी पळवायला लागायची. अनोळखी होती ती ओळखीची झाली, आणि मोजणारं कुणी उरलं नाही. मावशीचा त्यात तोटाच व्हायचा, हे ती जाणून होती. तरी पाठ केलीच.

आता बायकांचं. तुम्ही हा मुद्दा काढला नाहीत, पण मी काढते. मला बघायला लोक आले होते तेव्हा माझ्याही हातात पोह्यांची बशी दिली होती. चार चमच्यांच्या वर मी खाल्ले असतील तर शपथ. समोरचा मुलगा मात्र दुसऱ्यांदा घेत होता आणि त्याची आई कौतुकानं बघत होती. एकच खोली, एकच बशी, नजरा दोन. १९८७ साली मोरी, चेकन आणि प्लायनर यांनी हेच प्रयोगात दाखवलं: आवडेलसा पुरुष समोर बसला की मुली कमी खातात. त्या प्रयोगात निदान नंतर घरी जायला मिळत होतं. आपल्याकडं सून झाल्यावरही ती नजर बरीच वर्षं ताटावर राहते. मग सगळ्यांचं झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानं जेवलेलं बरं वाटतं, आणि लोक म्हणतात, तिला तशीच सवय आहे.

म्हणून मला आता वाटतं, नजर आहे का यापेक्षा नजरेला काय हवंय ते बघावं. पंगतीतला वाढपी बघतच असतो की. पण त्याला तुमचं ताट रिकामं दिसायला नकोय. अधिक महिन्यात जावयाला धोंडे वाढणारी सासू बघत असते, आणि तो बिचारा पोटावरची कळ सोसून अजून एक गिळतो. तालमीतल्या पोराच्या खुराकावर वस्तादाची नजर असते, तिथं कमी खाल्लं तर शिव्या. हल्ली मोबाईल लावून 'ही थाळी संपवा, बक्षीस घ्या' चालतं, तिथं हजारो जण बघतात म्हणूनच तर माणूस खातो. तुमच्या पेठेतला दहा जणांचा घोळका यातच बसतो. तिथं कमी खाणाऱ्याची चेष्टा होते, जास्त खाणाऱ्याची नाही.

राहिला तो प्राध्यापक. ब्रायन वॅन्सिंक, कॉर्नेल विद्यापीठ, ताट-वाटी मोठी असली की माणूस जास्त खातो असं सांगणारा. २०१८ मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकांच्या समूहानं त्याचे सहा शोधनिबंध एकदम मागे घेतले आणि त्याला विद्यापीठ सोडावं लागलं. तुमचं बरोबर, तो गडी गेला. पण मी वर सांगितलेल्यांत त्याचं एकही काम नाही. आणि नजरेच्या परिणामाबद्दल लिव्हरपूलच्या एरिक रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी बरेच प्रयोग एकत्र तपासले, तिथंही निष्कर्ष तोच: आपलं खाणं कुणी मोजतंय हे कळलं की खाणं घटतं.

एक मात्र तुमच्या बाजूनं अजून टाकते, तुम्ही विसरलात म्हणून. डी कॅस्ट्रोची ती रोजनिशी हीसुद्धा एक नजरच. लिहायचं म्हटलं की माणूस कमी लिहितो. १९९२ साली अमेरिकेत, 'आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या काही जणांचं खाणं दुसऱ्या मार्गानं मोजलं, तर ते खरोखरीपेक्षा सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते. मी स्वतः आहारतज्ज्ञ बाईंसाठी वही ठेवली होती. तीन आठवडे त्यात भडंग कुठंच नाही. डबा मात्र रिकामा.

जेवायला बोलावलंत, येते. रविवार चालेल. फक्त मला वाढून तुम्ही समोर खुर्ची टाकून मोजायला बसणार असाल तर दोन भाकऱ्यांवर उठेन, आधीच सांगते. तुमचंही ताट घ्या, आणि पांढऱ्याचं पातेलं माझ्या हाताला लागेल असं ठेवा.