कोणत्या गाडीचं हवंय?

अमेरिकेत स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा तीनच गोष्टी विचारतो: साल, कंपनी, मॉडेल. ही तीन उत्तरं दिल्याशिवाय त्याचा कॉम्प्युटर साधा फॅनबेल्टसुद्धा दाखवत नाही. स्थळं सुचवणाऱ्या मावशी गोत्र कळल्याशिवाय फोटो पर्समधून बाहेर काढत नाहीत, तसंच. आणि तीन-चार गाड्या मोडून एक जुनी पिकअप उभी करणाऱ्याची बोबडी नेमकी इथेच वळते. बाहेरून शेवरोले ३१००, साल १९५१. खालची चासी शेवरोलेच्याच छोट्या पिकअपची, १९९४ च्या एस-१० ची. इंजिन तिच्या थोरल्या बहिणीचं, २००२ च्या सिल्व्हराडो पिकअपचं. इंजिनाखालचं ऑइल पॅन, म्हणजे तेलाचं भांडं, कॅमॅरो या स्पोर्ट्स कारचं. सांगा आता गोत्र.

मुळात हा उपद्व्याप करायचा कशाला? कारण जुनी ३१०० दिसते फार गोड, पण चालते १९५१ सारखी. सहा सिलिंडरचं २१६ क्युबिक इंचांचं इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी, चारही चाकांना ड्रम ब्रेक. वायपर इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालतात, त्यामुळे पावसात चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते विश्रांती घेतात. म्हणून लोक चेहरा जुना ठेवतात आणि पाय नवे लावतात.

पाय निवडतानाच पहिली चूक होते. ३१०० चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ११६ इंच. आखूड हौद्याच्या एस-१० चा १०८.३, ती घेऊच नका. लांब हौद्याची, साध्या केबिनची एस-१० घ्या, तिचा ११७.९ इंच. राहिला फरक १.९ इंचाचा. एवढ्याने काय होतंय, असं वाटतं. होतं असं, की मागचं चाक मडगार्डच्या मधोमध न येता मागे सरकतं आणि सगळी गाडी कुंकू भुवईवर ओघळल्यासारखी दिसते. चासी कापायची गरज नाही. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या धरणारे पुढचे-मागचे हँगर १.९ इंच पुढे घ्या, मागच्या चाकांना फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट तेवढा आखूड करून बॅलन्स करून आणा. चाकं जुन्या मडगार्डांच्या मानाने आत खोल बसतात, तेही आत्ताच बघा. एस-१० च्याच घराण्यातल्या ४×४ ब्लेझरचा मागचा अ‍ॅक्सल जास्त रुंद असतो. म्हणजे आणखी एक गाडी आलीच.

केबिनची गंजलेली जमीन कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत चौकोनी पाइप आडवा वेल्ड करा. हा कंटाळा केला तर जमीन निघताच केबिन पाय फाकवते आणि मग दार एकतर लागत नाही, नाहीतर लागलेलं उघडत नाही. दार दुसऱ्या सालातलं घेत असाल तर लॅच आणि ती ज्यात अडकते तो स्ट्रायकर जोडीनेच आणा. आणि इंजिन, रेडिएटर, पंखा, स्टिअरिंगचा दांडा, बॉनेट, मडगार्ड असं सगळं एकदा जागेवर चढवून बघेपर्यंत वेल्डिंगचे नुसते टाके मारा. पक्कं वेल्डिंग करून टाकणारा माणूस पुढचे सहा महिने ग्राइंडर घेऊन फिरतो.

ऑइल पॅनचं असं, की सिल्व्हराडोचं पॅन खोल. या चासीत ते क्रॉसमेंबरच्या, म्हणजे चासीच्या आडव्या तुळईच्याही खाली लोंबतं आणि पहिल्याच गतिरोधकाला भेटतं. १९९८ ते २००२ च्या कॅमॅरोचं पॅन उथळ आहे, ते बसतं. पण त्याच्याबरोबर तेल ओढणारी नळी बदलते, आतला पत्रा बदलतो, डिपस्टिक बदलते. एक भांडं मागावं तर अख्खं रुखवत दारात. शिवाय इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली चोरीविरोधी यंत्रणा बंद करून घ्यायची. नाहीतर इंजिन सुरू होतं आणि लगेच बंद पडतं, कारण त्याची समजूत अशी, की आपल्याला पळवून आणलंय. तसं बघितलं तर चूक नाही.

पण खरा छळ बोल्टांचा. जुनी केबिन इंची, नवी चासी आणि इंजिन मेट्रिक. ५/१६ इंची बोल्टची जाडी ७.९४ मिलिमीटर, एम-८ ची ८. डोळ्यांना फरक कळत नाही. एम-८ घेऊन इंची नटात बोटांनी फिरवा, पहिले दोन-तीन आटे गोडीगुलाबीने आत जातो. मग अडतो. आपण म्हणतो, गंज असेल, रंग असेल, आणि पाना लावतो. पानाही घात करतो: इंची बोल्टचं डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर तेरा नंबरचा पाना बसल्यासारखा बसतो. जोर लावला की कर्रर्र करून बोल्ट आत जातो. आपण खूश. खरं म्हणजे इंची आट्यांमधलं अंतर १.४१ मिलिमीटर, एम-८ च्या आट्यांमधलं १.२५, आत गेलेला नसतो, आटे खाऊन घुसलेला असतो. म्हणून दोन वेगळे डबे ठेवा, इंची बोल्टांच्या शेपटाला पिवळा रंग लावा, आणि बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत जात नसेल तर पाना हातात घेऊ नका.

दुसरा लबाड म्हणजे पेट्रोलचा काटा. १९५१ चा मीटर शून्य ते ३० ओहमवर चालतो, एस-१० च्या टाकीतला फ्लोट शून्य ते ९० देतो. दोन्ही शेवरोलेच, दोन्ही तारा जुळतात, काटाही हलतो. फक्त टाकी साधारण एक तृतीयांशावर येईपर्यंत तो ठामपणे ‘फुल’ सांगतो आणि त्यानंतर बादली उपडी केल्यासारखा पडतो. मीटरला जुळणारा फ्लोट टाका, किंवा फ्लोटला जुळणारा मीटर. सहा व्होल्टच्या जुन्या मीटरला नव्या बॅटरीचे बारा व्होल्ट थेट देऊ नका. टाकी उघडलीच आहे तर पंपही बदला, या इंजिनाला पेट्रोलचा ५८ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब लागतो.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर जुन्यासारखा पायाखाली, जमिनीखाली बसवलात तर तो चाकांच्या ब्रेकपेक्षा खाली येतो आणि तेल उलटं वाहून परततं. डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा आणि ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी झडप, टाका, नाहीतर पहिल्या दाबात पाय थेट खाली.

केबिन रबरावर बसते, म्हणून इंजिन, चासी आणि केबिन एकमेकांना अर्थिंगच्या जाड पट्ट्यांनी बांधा. हे विसरलात तर ब्रेक दाबल्यावर डावा इंडिकेटर मिणमिणतो. लोक दोन दिवस स्विच बदलत बसतात.

कागदपत्रांबाबत थट्टा नको. प्रत्येक गाडीची विक्रीची पावती जपा, व्हीआयएनची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पाटी उपटून दुसरीकडे लावू नका, आणि तुमच्या राज्यात अशी गाडी कोणत्या नावाने नोंदतात ते वेल्डिंगच्या आधी विचारा.

आणि एक वही. ऑइल फिल्टर: सिल्व्हराडो २००२. पुढचे ब्रेक पॅड: एस-१०, १९९४. पॅनचं गॅस्केट: कॅमॅरो. काउंटरवर गाडी सांगायचीच नाही, पार्टचं साल-मॉडेल सांगून मोकळं व्हायचं. ‘पण बाहेर तर जुनी ट्रक उभी आहे,’ असं मुलगा म्हणाला तर ‘शेजाऱ्याची आहे’ म्हणावं. वहीची एक प्रत ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवतात. त्या झाकणाची कडी कोणत्या गाडीची आहे, तेवढं लिहायचं राहिलेलं असतं.