म्हणे, ताईत विष ओढून घेतो

‘पूर्वजांचं बाळरक्षा विज्ञान’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाचीच्या सासूबाईंपर्यंत गेला आणि पाच महिन्यांच्या पोराच्या गळ्यात ताईत आला. दावे असे: ताईताचा धातू अंगातलं विष ओढतो, काळा दोरा नजर शोषतो, वाघनखाने बाळ दचकत नाही, चांदी जंतू मारते. आणि हे सगळं म्हणे ‘अमेरिकेनेही मान्य केलंय’.

मग अमेरिकेचंच बघू. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात २०११ साली न्यूयॉर्कच्या एका वर्षाच्या मुलाची हकीकत छापून आली. रक्तात शिसं निघालं, म्हणून कुठून आलं याचा शोध घेतला, तर सापडला गळ्यातला ताईत. कुटुंब मूळचं कंबोडियाचं. ताईतात ४५ टक्के शिसं, आणि मूल तो तोंडात घालायचं. विष ओढणं राहिलं बाजूला, ताईतच विष देत होता. आपल्याकडची पेटी कशाची, हे विकणारा तरी सांगतो का? वर मुलामा, आत काय ते देव जाणे. हाताला लागेल ते चोखायचं हे वय. शिसं मेंदूच्या वाढीवर घाला घालतं आणि त्याची सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी वर ऐकायचं, ‘असू दे गं, घातलं तर काय बिघडतं?’ बिघडतं!

करदोट्याचं एक मान्य. तो घट्ट झाला की बाळ अंगाने भरलं, हे आजीला वजनकाट्याशिवाय कळायचं. पण तो कमरेला. गळ्यातला दोरा झोपेत कुठे अडकला तर फास बसतो.

वाघनख खरं असेल तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा. ऑक्टोबर २०२३ मध्ये कन्नड ‘बिग बॉस’च्या एका स्पर्धकाला त्यापायी वनखात्याने अटक केली होती. आणि शिंगाचं कोरलेलं असेल, तर पोराच्या अंगात वाघाऐवजी बैल संचारेल, दुसरं काय!

चांदी जंतू मारते, हे अर्धं खरं. भाजल्यावर लावायच्या मलमात चांदीचं संयुग असतं. म्हणून मनगटीने सर्दी थांबत नाही.

नजरेवर मी वाद घालत नाही. ताईत देव्हाऱ्यात ठेवा, शक्ती असेल तर तिथूनही पोचेल. मात्र बाळ दूध ओढेनासं झालं किंवा तापाने फणफणलं, तर दृष्ट काढण्यात रात्र घालवू नका, दवाखाना गाठा.